सेवा करून घेण्याची कला

डिसेंबर लागला की आमच्या भागात तीन टोळ्या उतरतात. पहिली ऊसतोडणीची. ती बीडकडून येते, फड मोकळा करते आणि पुढच्या फडावर जाते. दुसरी मेंढपाळांची. त्यांची मेंढरं चार रात्री रानात बसवली की पुढच्या पिकाला वेगळं खत घालावं लागत नाही. तिसरी टोळी टेम्पोतून येते. टेम्पोत गाद्या असतात, भाताचं भलंमोठं पातेलं असतं, एक ढोलकी असते, पन्नास पोरंपोरी असतात आणि त्या पन्नासांत वाटून घ्यायला अठरा टिकाव-फावडी असतात. ही टोळी राष्ट्रीय सेवा योजनेची. तिच्या मुक्कामाला श्रमसंस्कार शिबिर म्हणतात. ती सात दिवस राहते आणि जाताना गावाला फ्लेक्स देऊन जाते.

त्या फ्लेक्सला कुणी हसू नये. या योजनेतून खेड्याला मिळालेली ती सर्वांत टिकाऊ मालमत्ता आहे. मधोमध ‘प्लास्टिकमुक्त गाव’ अशी अक्षरं, त्याखाली संस्थेचे अध्यक्ष, प्राचार्य, उपप्राचार्य आणि कार्यक्रम अधिकारी, मानाप्रमाणे लहान होत गेलेले. शिबिर संपल्यावर तो कुणीतरी व्यवस्थित घडी घालून घरी नेतो आणि पावसाळ्याच्या तोंडाला कडब्याच्या गंजीवर किंवा गोठ्यावर ताणून बांधतो. एका शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष आमच्या वस्तीवर गेले कित्येक पावसाळे शेळ्यांवर छत्र धरून आहेत. इतकं सलग समाजकार्य त्यांच्या हातून दुसरीकडे कुठे झालं असेल, असं वाटत नाही.

योजना मात्र साधीसुधी नव्हे. गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, तेव्हाचे केंद्रीय शिक्षणमंत्री डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी ती ३७ विद्यापीठांत सुरू केली. सुरुवातीला ४० हजार विद्यार्थी होते. बोधचिन्ह कोणार्कच्या सूर्यमंदिराच्या चाकाचं. त्याचे आठ आरे म्हणजे दिवसाचे आठ प्रहर. स्वयंसेवक चोवीस तास सेवेला हजर, असा त्याचा अर्थ. बोधवाक्य ‘नॉट मी बट यू’, म्हणजे माझ्यासाठी नव्हे, तुमच्यासाठी. हिशेब मात्र वर्षाला १२० तासांचा, दोन वर्षांत २४० तासांचा, शिवाय एक सात दिवसांचं शिबिर. काही विद्यापीठांत याबद्दल दहा वाढीव गुणही मिळतात. चाक आठ प्रहर फिरो न फिरो, हजेरीचा कागद नेमाने फिरतो.

त्याच्याही आधीची एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे. १९५९ साली अशीच एक योजना आखायला समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष होते रायगडाजवळच्या नाते गावात जन्मलेले चिंतामणराव देशमुख. माणूस अर्थकारणातला, रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर, हिशेबाला पक्का. समितीने शिफारस केली, की शाळा संपवून कॉलेजात जाऊ पाहणाऱ्या प्रत्येकाला आधी नऊ महिने ते वर्षभर राष्ट्रसेवा सक्तीची करावी. खर्चाचा आकडा बघून सरकार मागे सरलं. तो खर्च सरकारचा होता. गावाला किती खर्च येईल हे कुणी काढलंच नव्हतं. ते काढलं असतं, तर पुढे हे सात दिवसही मंजूर झाले नसते.

सेवा करणाऱ्यांचे सत्कार होतात, अहवाल निघतात, फोटो छापून येतात. ज्यांची सेवा होते, त्यांच्याबद्दल चार ओळी कुणी लिहीत नाही. वास्तविक सेवा करणं सोपं आहे. उत्साह लागतो, टोपी लागते, झालं. सेवा करून घेणं अवघड. त्याला संयम लागतो, पाहुण्याचं मन राखायची हातोटी लागते आणि आपलं रोजचं काम सांभाळून दिवसातून दोनदा जागृत व्हावं लागतं. आमच्या गावाने ही कला वर्षानुवर्षांच्या रियाझाने कमावली आहे.

शिबिर ठरतं ते कागदावर. ‘गाव दत्तक घेतलं आहे’ असं पत्र ग्रामपंचायतीला येतं. आमचं गाव आतापर्यंत तीन महाविद्यालयांनी आणि एका बँकेने दत्तक घेतलं. इतके आईबाप असूनही आमच्या शाळेचं छत गळतं. पत्राबरोबर दिवसाचं वेळापत्रक येतं. त्यात प्रभातफेरी, योगासनं, श्रमदान, बौद्धिक सत्र, सर्वेक्षण, सांस्कृतिक कार्यक्रम, सगळं घड्याळ लावून मांडलेलं असतं. कार्यक्रम अधिकारी सर ते वाचून दाखवतात, मंडळी माना डोलावतात, आणि मागच्या रांगेतली एखादी म्हातारी विचारते, “ते समदं ऱ्हाऊ द्या. पोरींनी न्हायचं कुठं?”

सरांच्या फाइलीत तो प्रश्न नसतो. मग गाव तो आपापसांत सोडवतं. पोरी वाटून घेतल्या जातात. या घरी चार, त्या घरी तीन. पहाटे बंब पेटतात. चूल लवकर लागते, जळण जास्त जातं, आणि त्या वाढीव जळणाची नोंद कुठल्याच रजिस्टरला होत नाही. सात दिवस पोरी ज्या घरी अंघोळीला जातात, त्या घरची बाई त्यांना कपभर चहा आणि शिळ्या भाकरीचा कुस्करा दिल्याशिवाय सोडत नाही. शिबिराच्या जमाखर्चात याला ‘लोकसहभाग’ म्हणतात.

पहिल्या दिवशी उद्घाटन. आमच्या सरपंच बाई आहेत. पन्नास टक्के आरक्षणामुळे गावोगाव बाया सरपंच झाल्या, हे चांगलंच झालं. पत्रिकेवर नाव बाईंचं छापलं जातं आणि खुर्चीवर त्यांचे मालक बसतात. एका वर्षी शिबिराचा विषयच महिला सक्षमीकरण होता. त्या विषयावर सरपंचपतींनी पाऊण तास भाषण केलं. सरपंच बाई तोवर मागे पन्नास माणसांच्या पिठल्यात मीठ बरोबर पडलंय का ते बघत होत्या. सत्काराचे नारळ दर शिबिराला मोजकेच आणलेले असतात आणि पाहुणे वाढत जातात. त्यामुळे एकच नारळ दोन-तीन मान्यवरांच्या हातून पुन्हा टेबलाखाली येतो. शेवटच्या दिवशी त्याची चटणी होते, ती फार चविष्ट लागते. इतक्या थोरामोठ्यांचा हात लागलेला असतो.

दुसऱ्या दिवसापासून प्रभातफेरी. सकाळी सहाला पन्नास जण गल्लीगल्लीतून ओरडत निघतात: झाडे लावा, झाडे जगवा, पाणी अडवा, पाणी जिरवा. हेतू गावाला जागं करण्याचा. आता गाव साडेचारलाच उठलेलं असतं. धारा निघालेल्या असतात, डेअरीची गाडी येऊन गेलेली असते. जागी झालेली बाई अंगणात उभी राहून आणखी जागी होते. त्या वेळी सबंध गावात झोपलेला असतो तो फक्त रात्रपाळीचा शेतकरी. शेतीची थ्री फेज वीज आठवड्यातले काही दिवस रात्रीचीच असते. रात्रभर थंडीत गव्हाला पाणी देऊन, चिखलाचे पाय धुऊन त्याने नुकतीच पाठ टेकलेली असते. त्याच्या उशापाशी पन्नास आवाज उठतात, की पाणी वाचवा. तो बाहेर येतो, हात जोडतो, “वाचवतो” म्हणतो आणि परत आत जाऊन पडतो. ही ती कला.

मग श्रमदान. आमच्याकडे श्रमदान म्हणजे ओढ्यावर वनराई बंधारा. गोष्ट खरोखर गुणाची आहे. सिमेंटची किंवा खताची रिकामी पोती घ्यायची, वाळू-मातीने पाऊण भरायची, तोंडं शिवायची आणि विटांच्या बांधकामासारखी सांधे चुकवून एकावर एक रचायची. पोतं गच्च भरलं तर ते एकमेकांवर बसत नाही आणि फटीतून पाणी निसटतं; म्हणून पाऊणच. खर्च जवळपास नाही आणि रब्बीला दोन पाण्यांची सोय होते. फक्त अट एकच: पाऊस संपला, ओढ्याची धार बारीक झाली पण अजून वाहते आहे, अशा वेळी, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरात, तो घालायचा. विद्यापीठाच्या परीक्षा तेव्हाच असतात. शिबिर येतं डिसेंबरअखेर नाहीतर जानेवारीत. ओढा काही परीक्षेचा निकाल लागेपर्यंत थांबत नाही.

त्यामुळे आमच्या ओढ्यात बऱ्याचदा कोरड्या वाळूवर बंधारा उभा राहतो. पोरं घाम गाळतात, साखळी करून पोती पुढे सरकवतात, गाणी म्हणतात. काठावर बसलेले तात्या सगळं बघत असतात. तात्यांचा जन्म या ओढ्याच्या काठी गेला. पोती कुठे गच्च भरली, सांधे कुठे एका रेषेत आले, सगळं त्यांना बसल्या जागेवरून दिसतं. ते बोलत नाहीत. पाहुण्याच्या हातचं काम नावाजायचं, ही रीत. “लई ब्येस” म्हणतात. अंधार पडला, पोरं कार्यक्रमाला गेली, की तात्या आणि त्यांचा पुतण्या बॅटरी घेऊन ओढ्यात उतरतात, चुकलेला थर काढतात आणि नीट लावतात. सकाळी पोरं बघतात, तर बंधारा काल होता त्यापेक्षा सरळ. “रात्रीत बसला जागेवर,” तात्या सांगतात.

गावांना श्रमदान येत नाही, असं कुणी समजू नये. नगरकडच्या हिवरे बाजारचं नाव सगळ्यांना पाठ आहे. २०१६ साली पानी फाउंडेशनची पहिली वॉटर कप स्पर्धा झाली, तेव्हा आमच्या सातारा जिल्ह्याच्या कोरेगाव तालुक्यातल्या वेळूने पहिला नंबर काढला. भर उन्हाळ्यात लोकांनी आपल्याच डोंगरावर सलग समतल चर खणले. चर समपातळीत नसला तर पाणी मुरायचं सोडून एका टोकाला धाव घेतं आणि बांध फोडतं. म्हणून पातळी मोजून खणावं लागतं. वेळूच्या माणसांना पाणी हवं होतं आणि डोंगर त्यांचा होता. तिथे प्रभातफेरी काढायला कुणाला यावं लागलं नाही. आमच्याकडे अडचण अशी, की आमची कमवती पोरं पुण्याच्या कंपन्यांत नाहीतर मुंबईत माथाडीला. राहिलेल्यांच्या गुडघ्यांत वंगण नाही. त्यामुळे दुसऱ्यांची पोरं आली, की कोरड्या ओढ्यात का होईना, हात पडतो, याचं गावाला अप्रूप आहे.

झाडांचंही वेळापत्रक असंच. १९५० साली कन्हैयालाल मुन्शींनी वनमहोत्सव सुरू केला, तो जुलैच्या पहिल्या आठवड्यात. कारण रोपाला पाऊस लागतो, हे मुन्शींना माहीत होतं. शिबिरातलं वृक्षारोपण जानेवारीच्या उन्हात होतं. प्रमुख पाहुणे रोपाला हात लावतात, सोळा जण त्या हाताला हात लावतात, फोटो निघतो. त्यानंतर ते रोप आणि उन्हाळा, दोघंच उरतात. उन्हाळा आमच्याकडचा, निकाल ठरलेला. रोपं बहुतेक गुलमोहराची असतात. गुलमोहर मूळचा मादागास्करचा, त्याला आमचा उन्हाळा ठाऊक असायचं कारण नाही. म्हाताऱ्या सांगून थकल्या, की बाबांनो, करंज लावा, लिंब लावा, बांधाला बोर लावा. पण रोपवाटिकेत जे असतं ते मिळतं. राज्य सरकारने २०१६ साली एका दिवसात २ कोटी, मग ४ कोटी, मग १३ कोटी आणि २०१९ साली ३३ कोटी झाडांचा संकल्प सोडला. तेहतीस कोटींचा आकडा आपल्याला नवा नाही. देवही तेवढेच आहेत. त्यांच्याबाबतही कुणी मोजायला जात नाही.

जी रोपं जगतात, ती शाळेजवळची. तिथे तिसरीतल्या मुलांनी दप्तरातल्या बाटलीतलं उरलेलं पाणी रोज घालायचं ठरवलेलं असतं. त्यांना कुणी बौद्धिक दिलेलं नसतं.

बौद्धिक हा दुपारचा कार्यक्रम. जेवण झाल्यावर, मंडपात, दोन ते चार. वक्ता शहरातून येतो आणि श्रोते पुरवण्याची जबाबदारी गावाची. सरपंचपती निरोप धाडतात: वस्तीमागे दोन माणसं. गुऱ्हाळ, तोडणी, पाणी यांतून मोकळी असतील ती माणसं येतात, म्हणजे बहुधा तीच ती. व्यसनमुक्तीच्या व्याख्यानाला पहिल्या रांगेत बसणारे आमचे एक अण्णा आजवर प्रत्येक शिबिरात व्यसनमुक्त झालेले आहेत. ते तंबाखू मळत मळत शपथ घेतात. मळलेली टाकून द्यायची नाही, ही त्यांची काटकसर. सेंद्रिय शेतीवर बोलायला आलेल्या पाहुण्यांनी एकदा शेणखताचं महत्त्व दीड तास सांगितलं. ऐकणाऱ्यांत ज्यांच्या दारात उकिरडा नाही असा एकही नव्हता. शेवटी प्रश्न विचारा म्हणाले, तर एका बाईने विचारलं, “तुमच्याकडं कितीला जातंय ट्रॉली?”

पण सगळीच बौद्धिकं वाया जातात असं नाही. सापांवरचं व्याख्यान असलं की मंडप भरतो, माणसं झाडावर चढून बसतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं, हे चार विषारी कसे ओळखायचे, दंशावर चिरा पाडू नये, करकचून दोरी बांधू नये, चावलेला हात-पाय न हलवता माणसाला थेट दवाखान्यात न्यावं. हे सगळे कान देऊन ऐकतात. मागे बसलेला देवऋषीही ऐकतो. एका वर्षी त्यानेच उठून विचारलं, की सरकारी दवाखान्यात ते इंजेक्शन कायम असतं का. त्या सात दिवसांतला तो सर्वांत जबाबदार प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर व्याख्यानाला आलेल्या तालुक्याच्या साहेबांनी खालच्या मानेने दिलं.

चौथ्या दिवशी सर्वेक्षण. दोघी-दोघी जोडीने फॉर्म घेऊन घरोघर जातात. गावाला फॉर्म पाठ झालेला असतो. आमच्या शेजारच्या आजींकडचा संवाद असा:

“आजी, घरात माणसं किती?”

“कुठल्या येळंला?”

“म्हणजे?”

“जेवायच्या येळंला सा. कामाच्या येळंला दोन.”

पोरी एकमेकींकडे बघतात आणि चार लिहितात.

“शौचालय आहे का?”

“हाय की.”

“वापरता का?”

“पाणी आलं की वापरतो. मागल्या साली आलतीस ती तूच का गं?”

“नाही आजी.”

“मग तिलाबी ह्येच सांगितलंय. लिव्ह.”

यानंतर आजी आपलं सर्वेक्षण सुरू करतात. गाव कुठलं, भाऊ किती, रान किती, पाण्याखालचं किती, वडील काय करतात, पेतात का, शिकून काय होणार, कुठं जमलंय का. फॉर्म नाही, पेन नाही. पाच मिनिटांत सगळी माहिती हातात येते आणि तिथल्या तिथे तिचं पृथक्करणही होतं: “म्हंजी तुझी थोरली आत्या आमच्या शिवारातल्या पाटलाच्या घरी दिलीय. मग तू तर घरचीच निघालीस. आता च्या न पिता कशी जाशील?” महाविद्यालयाचे फॉर्म कपाटात गेले, की आकडेमोड पुढच्या वर्षी. आजींच्या सर्वेक्षणातून मात्र गेल्या काही वर्षांत दोन लग्नं जुळली.

शहरात एक समजूत आहे, की शिबिराला येणाऱ्या पोरांना गाय कुठली आणि म्हैस कुठली कळत नाही. मुंबई-पुण्याकडच्या कॉलेजांचं असेल तसं. आमच्याकडे येतात ती तालुक्याच्या कॉलेजची पोरं. त्यांतली निम्म्याहून अधिक खेड्यातलीच, कुणी तर ओढ्यापलीकडच्या गावातला. घरी पाणी पाजायला म्हैस सोड म्हटलं तर मोबाइलमधून मान वर न काढणारा हा गडी इथे परक्याचं गटार छातीला घमेलं लावून उपसतो. त्याचा फोटो ग्रुपवर पडतो. तो बघून त्याची आई पाचव्या दिवशी मिळेल त्या एसटीने येते, पोराला मंडपाच्या मागे गाठते आणि म्हणते, “घरचा उकिरडा तुझी वाट बघतोय. तिकडं बी एक शिबिर काढ.” समाजसेवेला परगाव लागतं, हे त्या माउलीला कोण समजावणार? आपल्या घरी केलं तर ते काम होतं आणि त्याला गुण नाहीत.

पोरींचं प्रकरण निराळं. त्यांतल्या कित्येकींची घराबाहेर काढलेली ही पहिलीच रात्र असते. परवानगीसाठी शिबिराच्या मॅडमना घरी जाऊन वडिलांपुढे बसावं लागलेलं असतं. रात्री आठच्या सुमारास फोन सुरू होतात: जेवलीस का, झोपायला कुठं आहे, दाराला कडी आहे का, मॅडमला फोन दे. मॅडम सात दिवसांत इतक्या बापांशी बोलतात, की त्यांचा घसा प्रभातफेरीने नव्हे, या फोनांनी बसतो. पण त्याच पोरी पाचव्या रात्री माइक हातात घेऊन हुंड्यावर पथनाट्य करतात. समोर गावातल्या बाया बसलेल्या असतात. नाटक संपलं की बाया म्हणतात, “आता आमचं बघा.” पदर खोचून झिम्मा-फुगडी सुरू होते. साठीची बाई विशीच्या पोरीला फुगडीत गरगरवून खाली बसवते. त्या रात्री कोण कुणाला सक्षम करतंय, हे अहवालात लिहिता आलेलं नाही.

वारशाचं मात्र एकदा फार मजेशीर झालं. २०२५ च्या जुलैत युनेस्कोने राजगड, रायगड, प्रतापगड, साल्हेरपासून तमिळनाडूतल्या जिंजीपर्यंत १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्या वर्षीच्या शिबिराला साहजिकच ‘स्थानिक वारसा’ हा विषय लागला. आमच्या गावात किल्ला नाही. पण महादेवाच्या देवळामागे चार वीरगळ तिरपे उभे आहेत. आधीच्या कुठल्याशा शिबिराने ‘जतन’ म्हणून त्यांना सोनेरी ऑइलपेंट दिला होता. त्यामुळे वीर लग्नाच्या मंडपातल्यासारखे चमकत होते. एकावर पिढ्यान्‌पिढ्या विळ्याला धार लावून त्या वीराची कंबर पार झिजली होती.

पोरं लगेच तारेचे ब्रश घेऊन धावली. इतिहासाच्या प्राध्यापकांनी त्यांना वेळेवर अडवलं. दगडाला तार लावायची नाही, अ‍ॅसिड नाही, चुना नाही. मऊ ब्रश आणि साधं पाणी, बस्स. मग त्यांनी दगड वाचून दाखवला. खालच्या चौकटीत लढाई, तिथे वीर पडलेला. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला स्वर्गात नेताहेत. वरच्या चौकटीत तो शिवलिंगाची पूजा करतोय. सगळ्यांत वर चंद्र-सूर्य, म्हणजे ते असेतोवर याची कीर्ती. आणि हे खाली गुरांचे आकार बघा, सर म्हणाले. हा माणूस बहुधा गावची गुरं सोडवताना मेला असावा. पोरं थक्क झाली. पाराकडून आलेले तात्या म्हणाले, “बहुधा कशापायी? गुरं सोडवतानाच पडलाय. आमच्यात दर पोळ्याला पयला निवद त्यालाच असतोय.”

सरांनी तोंडाचा आ मिटवला आणि विचारलं, “तात्या, मग हे आजवर सांगितलं का नाहीत? दर वर्षी सर्वेक्षणाला पोरं येतात तुमच्याकडे.”

“सांगिटलं आसतं की. पर फॉर्मात रकाना न्हवता.”

गाडगेबाबांची मला अशा वेळी आठवण येते. १८७६ साली अमरावतीकडच्या शेंडगावात जन्मलेला हा माणूस हातात खराटा घेऊन गावात शिरायचा, आधी झाडायला लागायचा आणि रात्री कीर्तनाला उभा राहायचा. कीर्तनात सांगण्यापेक्षा विचारण्यावर भर. लोकांना प्रश्न टाकायचे आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढून घ्यायचं. वेळापत्रक नाही, उद्घाटन नाही, हार घालू द्यायचा नाही. पुढे २०००-०१ साली सरकारने त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान काढलं, अमरावतीच्या विद्यापीठालाही त्यांचं नाव दिलं. बाबांना खराट्याची एक खुबी ठाऊक होती: परका माणूस आपलं अंगण झाडायला लागला, की बसून राहणाऱ्याला अवघडायला होतं. आमच्या गावातही हेच घडतं. तिसऱ्या दिवशी पारावरची रिकामटेकडी पोरं उठतात आणि फावडी हातात घेतात. कॉलेजच्या मुली घमेली उचलताहेत आणि आपण बसलोय, हे त्यांना बघवत नाही. कारण सामाजिक बांधिलकीचं नसतं, हे उघड आहे. पण ओढ्याला पोत्याशी मतलब.

अशी सगळी देवाणघेवाण लक्षात घेऊन गावाने आता या शिबिराकडे रीतसर बघावं, असं वाटतं. सेवा करणाऱ्यांना नियमावली आहे, तशी करून घेणाऱ्यांनाही हवी. २६ जानेवारीला ग्रामसभा असतेच. त्या सभेत पुढीलप्रमाणे ठराव यावा.

एक, शिबिर ओढा वाहत असताना यावं. परीक्षा पुढे ढकलता येतात, पाणी ढकलता येत नाही. दोन, झाड ज्याने लावलं त्याने मे महिन्यात एकदा येऊन त्याची गाठ घ्यावी. तीन, प्रभातफेरी आठनंतर काढावी आणि ज्याच्या दाराला चिखलाचे बूट असतील तिथून चालताना आवाज करू नये. चार, वीरगळांना रंग लावायचा झाल्यास आधी वीराच्या वारसांना विचारावं. वारस पारावर बसलेले असतात. पाच, शिबिरार्थींनी आपल्या घरचा उकिरडा उपसल्याचा आईच्या सहीचा दाखला आणावा. सहा, सत्कार सरपंच बाईंचाच व्हावा, पिठलं मालकांनी बघावं. सात, पन्नास पोरांना प्रमाणपत्र मिळतं तसं ज्या घरांत बंब पेटले त्या घरांनाही द्यावं. नव्या शैक्षणिक धोरणात सगळ्यालाच श्रेयांक आहेत म्हणतात, तर जळणालाही असावेत.

मी हा मसुदा पारावर वाचून दाखवला. सरपंचपतींना सहावं कलम पसंत पडलं नाही, पण ते उघड बोलले नाहीत. त्यांची शंका वेगळीच होती. “येवढ्या अटी घातल्यावर पुढल्या साली कोण यील हिकडं?”

तात्या म्हणाले, “यील की. पोरांना धा मार्कं पायजेत. आन आपल्याला, काय सांगतोय ते ऐकून घेणारं कुणीतरी पायजे.”

हे शेवटचं वाक्यही ठरावात घ्या, असं मी सुचवलं. ग्रामसेवकांनी नोंदवही वरखाली बघितली आणि म्हणाले, “घेतलं असतं हो. पण रकाना नाही.”